अंश सांगता, आता छेद पण सांगा: एमपीएच चालवणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
एमपीएचचा (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) कोर्स चालवणाऱ्या सगळ्या संस्थांचे संचालक आणि प्रवेश समितीतले सर-मॅडम,

नमस्कार. मी नागपूरची, दिघोरीला राहते. बीएएमएस झाल्यावर सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा कोर्स केला आणि गेली तीन वर्षं कुही तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. या वर्षी एमपीएचसाठी अर्ज केले. एका खाजगी अभिमत विद्यापीठात सीट मिळालीय आणि एका सरकारी संस्थेत वेटिंगवर नाव आहे, सातवा नंबर. खाजगीवाल्यांकडे सीट धरून ठेवायला ५० हजार भरायची शेवटची तारीख १४ जून, आणि सरकारी संस्थेची वेटिंग लिस्ट हलणार जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे जे परवडतं ते मिळणार की नाही हे कळायच्या आधीच जे परवडत नाही त्याचे पैसे भरायचे. माझ्या ओळखीच्या चार जणी आज याच जागी अडकल्या आहेत, दोन बीडीएस, एक बीएस्सी नर्सिंग, एक फिजिओ, आणि सगळ्यांचं घरचं गणित थोड्याफार फरकाने सारखंच.

मी एमपीएच का करायचं म्हणतेय ते आधी सांगते, कारण मुलाखतीत तुम्ही पण तेच विचारलं होतं आणि तेव्हा मला दोन मिनिटंच मिळाली होती.

कुही, मांढळ, भिवापूर हा सगळा मिरचीचा पट्टा. हंगाम आला की मिरचीचे सातरे लागतात, म्हणजे मोकळ्या जागेवर लाल मिरचीचे ढीग आणि त्याच्या बाजूने बायका ओळीने बसून देठ खुडतात, किलोमागे पैसे. तोंडाला पदर बांधलेला असतो पण पदराने काय थांबणार, ती बारीक धूळ नाकातोंडात जातेच. संध्याकाळी उपकेंद्रावर येतात तेव्हा बोटं लाल झालेली, डोळे चोळायची सोय नाही, आणि खोकला. पहिल्या वर्षी मी नुसती औषधं दिली. दुसऱ्या वर्षी शंभर पानी वही आणली आणि जानेवारी ते मार्च खोकला घेऊन आलेल्या प्रत्येक बाईचं लिहून ठेवलं, वय किती, सातऱ्यावर जाते का, किती दिवसांपासून, घरी चूल आहे की गॅस. ६४ बाया झाल्या, त्यातल्या ४१ सातऱ्यावर जाणाऱ्या. मला वाटलं आपण काहीतरी पकडलं. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसर सरांना वही दाखवली तर त्यांनी शांतपणे सगळी पानं उलटून बघितली आणि एकच विचारलं, "सातऱ्यावर न जाणाऱ्या बाया गावात किती आहेत, आणि त्यातल्या किती जणींना खोकला आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हंगामात त्या गावातल्या अर्ध्याहून जास्त बाया सातऱ्यावर असतात, मग खोकल्याच्या बायांमध्ये पण त्या अर्ध्याहून जास्त निघणारच, त्यात नवल काय. तीन महिन्यांची वही आणि त्यातून सिद्ध काहीच होत नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये घरी येताना मला रडायला आलं होतं खरंच, पण हे पण कळलं की हे शिकायची एक पद्धत असते आणि ती शिकवणारी माणसं आहेत. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायचं काम केलं तेव्हा ३९ गावांत ते काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, म्हणून १९९९ मध्ये ते द लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि म्हणून जगाने ते मानलं. ती ४७ गावं नसती तर कोणी ऐकलं नसतं. मला ते तुलनेचं शिकायचंय. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे, थोडं पुढे सेवाग्राम आहे, सगळी मेडिकल कॉलेजं, पण पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयात, एमडी करायला एमबीबीएस लागतं आणि मी बीएएमएस, म्हणून माझ्यासारखीला रस्ता एमपीएचचाच.

आता पैशाचं. तुमच्यातल्या ज्या संस्थेत मला सीट मिळाली त्यांच्या वेबसाइटवर दोन वर्षांची ट्यूशन फी ४ लाख ८० हजार लिहिलीय, मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात "इतर शुल्क लागू". इतर शुल्क म्हणजे काय ते कळायला मला चार फोन करावे लागले आणि चारही वेळा वेगळी व्यक्ती बोलली. प्रवेशाचे एकदाच घेतात ते २५ हजार. हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाला १ लाख ३० हजार, आणि पहिल्या वर्षी हॉस्टेल सक्तीचं. फील्डवर्कचा प्रवास आणि राहणं ज्याचं त्याने करायचं, त्याला साधारण ४० हजार धरा असं तिथल्या एका सिनियरने सांगितलं, ऑफिसने नाही. परीक्षा, लायब्ररी, डिपॉझिट वगैरे मिळून ३० हजार. बाबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेत, त्यांना हिशेब एकदम चोख लागतो, तर त्यांनी त्यांच्या जुन्या डायरीत हे सगळं एकाखाली एक मांडलं आणि बेरीज केली, ८ लाख ३५ हजार. वेबसाइटवरच्या आकड्याच्या पावणेदोन पट.

मग त्यांनी पेन खाली ठेवला नाही, खाली अजून एक ओळ लिहिली. "तुझा पगार." माझा ठरलेला पगार महिन्याला २५ हजार, त्यावर कामाप्रमाणे मोबदला मिळतो १५ हजारांपर्यंत, तो कधी पूर्ण येतो कधी कमी. मोबदला सोडून दिला तरी २५ हजार गुणिले २४, म्हणजे ६ लाख जे मी नोकरी सोडल्यावर कमावणार नाही. फीपेक्षा मोठी रक्कम ती, आणि तुमच्या कुठल्याच माहितीपत्रकात नोकरी सोडून येणाऱ्यासाठी ही ओळ नसते. आता म्हणाल ती तुम्ही कशी काय लिहिणार, बरोबर आहे, ती तुमची फी नाही. पण मग वर्ग आठवड्यातले किती दिवस भरतात, दुसऱ्या वर्षीचा प्रबंध आपल्याच कामाच्या ठिकाणी करता येतो का, रजा घेऊन जमणारं आहे का, एवढं तर तुम्ही सांगू शकता. मला कोणी दुसरं वर्ष कुहीत राहून, सातऱ्यावरच प्रबंध करू दिला तर माझा बुडणारा निम्मा पगार वाचतो आणि कामही खरं होतं.

आई बाजूला बसून ऐकत होती. कूलरच्या आवाजात तिला आम्ही ओरडून सांगत होतो. तिने एकच विचारलं, "एवढे पैसे लावून मंग पगार किती भेटन?"

हा प्रश्न घेऊन मी बँकेत गेले. उमरेड रोडवरच्या शाखेतले साहेब चांगले होते, त्यांनी खुर्ची दिली, कागदावर समजावून सांगितलं. ४ लाखांपर्यंत तारण नाही, ४ ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो, साडेसातच्या वर गेलं की प्लॉटचे कागद ठेवा. म्हणून म्हणाले साडेसातमध्येच बसवा, वरचे घरून घाला. कोर्स आणि त्यावर एक वर्ष हप्ता नाही पण व्याज चालूच राहतं. १० टक्के धरलं आणि पैसे दोन वर्षांत अर्धे अर्धे उचलले तर हप्ता सुरू होईपर्यंत साडेसात लाखांचे ९ लाख ३७ हजार झालेले असतात, आणि सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साडेपंधरा हजारांच्या वर. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, तीत जामीनदार पण नको आणि तारण पण नको, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट, पण ती फक्त यादीतल्या संस्थांना, यादी एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगवरून ठरते. माझी संस्था यादीत आहे का हे मी तुमच्या ऑफिसला विचारलं तर उत्तर आलं "बँकेला विचारा". बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला नाही वाटत.

आणि हे पण सांगून टाका ना आधीच. माझ्या लहान बहिणीला इंजिनिअरिंगला ट्यूशन फी माफ आहे, ८ जुलै २०२४ च्या जीआरमुळे, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीतल्या मुली आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत. घरी सगळ्यांना वाटलं मला पण लागू होईल. पण ते कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना आहे आणि खाजगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. मला हे कळलं ते अर्जाचे २ हजार भरून, मुलाखत देऊन झाल्यावर. फॉर्मवर प्रवर्गाचा कॉलम होता, मी ओबीसी टिक केलं, दाखला जोडला, तेव्हा एका ओळीत लिहिलं असतं की इथे ही सवलत मिळत नाही तर किती बरं झालं असतं.

परदेशाचं पण बघितलं, घाईघाईत. इंग्लंडमध्ये एमपीएच एका वर्षात होतं म्हणजे पगार एकाच वर्षाचा बुडतो, पण फी आणि राहणं मिळून आमच्या घरासाठी ते प्लॉट गहाण ठेवण्याचंच काम आहे. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा अनुभव चालतो तो माझा आहे, पुढच्या वेळी अर्ज करीन. आत्ताचा प्रश्न इथलाच आहे.

तर पगार. तुमच्या माहितीपत्रकावर डब्ल्यूएचओ, युनिसेफ, मोठमोठ्या कन्सल्टिंग कंपन्या यांचे लोगो आहेत आणि "हायेस्ट पॅकेज १८ लाख" असं लिहिलंय. मी फोनवर विचारलं, किती जण पास झाले आणि त्यातल्या किती जणांना नोकरी लागली? समोरच्या ताई म्हणाल्या आमचे विद्यार्थी सगळीकडे आहेत. मी म्हटलं ते ठीक आहे पण किती? त्या म्हणाल्या ते डिपार्टमेंट सांगेल. डिपार्टमेंटने सांगितलं प्लेसमेंट सेल सांगेल. प्लेसमेंट सेलने मेल करायला सांगितलं.

सर, मॅडम, माझ्या वहीत नेमकी हीच चूक होती. माझ्याकडे अंश होता, छेद नव्हता. पहिल्याच सेमिस्टरला एपिडेमिऑलॉजीच्या (साथरोगशास्त्राच्या) पहिल्याच तासाला तुम्ही हेच शिकवता, की छेदाशिवायचा आकडा कोणाला सांगू नका. १८ लाख घेणारा एक आहे, तो कितींमधला एक? तो आधी एमबीबीएस होता का? कारण एमबीबीएस करून एमपीएच केलेला डॉक्टर आणि माझ्यासारखी बीएएमएस, किंवा नर्सिंगवाली, किंवा बीए करून आलेला मुलगा, यांना बाहेर सारखा पगार मिळत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. सगळ्यांचा एकच आकडा काढून लावला तर तो आमच्यासाठी खरा नाही. आम्हाला सरासरी पण नको, एका मोठ्या पगाराने सरासरी वर जाते, सगळे पगार ओळीने लावून बरोबर मधे येतो तो आकडा सांगा, आणि तो मूळ पदवीप्रमाणे वेगळा करून सांगा. आणि किती जणांनी माहितीच दिली नाही ते पण लिहा.

मी बाहेरच्या जाहिराती बघतेच. गेल्या वर्षी एका कंत्राटी पदाची जाहिरात बघितली, वैद्यकीय पदवी आणि वर एमपीएच मागितलेलं, पगार ३५ हजार, करार ११ महिन्यांचा. मोबदला पूर्ण आलेल्या महिन्यात मला आजच ४० हजार मिळतात. ३५ हजारांतून साडेपंधरा हजार हप्ता गेला की राहतात १९ हजारांच्या वर काहीतरी. आईच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे आणि मी अजून तिला ते सांगितलेलं नाही.

नोकऱ्या निर्माण करणं तुमच्या हातात नाही हे मला समजतं. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९ पासून आहे, त्यांचं संचालनालय वेगळं, अधिकाऱ्यांची फळी वेगळी, तिथे या शिक्षणाला सरकारी नोकरीत जागा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सगळ्या राज्यांनी अशी फळी उभी करावी असं लिहिलंय. आपल्याकडे ते जेव्हा होईल तेव्हा होईल, त्यासाठी सरकारला वेगळं पत्र लिहायला लागेल, लिहीन. पण आजची परिस्थिती मुलांना सांगणं हे तर तुमच्याच हातात आहे. एमबीबीएसला, बीडीएसला, नर्सिंगला वरती एक परिषद किंवा आयोग असतो, सीटा किती, मान्यता आहे की नाही ते तिथे जाऊन तपासता येतं. एमपीएचला तशी स्वतंत्र परिषद नाही, म्हणून आम्हाला तुमच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो. १९९७ मध्ये त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन सेंटरने एमपीएच सुरू केलं तेव्हा देशात तो कोर्स नवीन होता, आज शोधायला बसलं तर पानंच संपत नाहीत. एवढ्या संस्थांमधून निवडायचं तर कशावरून निवडायचं?

मला विचाराल तर मी फी बघायच्या आधी दोन गोष्टी बघीन. एक, संख्याशास्त्र किती तास आणि हाताने करून घेता की स्लाइड दाखवता. तुमच्यातल्या एका संस्थेच्या विद्यार्थ्याने सांगितलं की ते सगळं आर नावाच्या सॉफ्टवेअरवर शिकले, जे फुकट आहे, म्हणजे पास झाल्यावर पीएचसीच्या जुन्या कॉम्प्युटरवर पण चालवता येतं. दुसऱ्या ठिकाणी महागडं सॉफ्टवेअर, कॉलेज सुटलं की लायसन्स गेलं आणि शिकलेलं पण गेलं. दोन, फील्डवर किती आठवडे, आणि तिथे सोबत शिक्षक येतात की पत्र देऊन पाठवतात. या दोन गोष्टी चांगल्या असतील तर मी जास्त पैसे द्यायला पण तयार आहे, कर्ज काढून. माझी तक्रार महाग असण्याबद्दल नाही. पैसे कशाचे ते आधी कळू द्या, एवढंच.

५० हजारांचं आता. माझ्या मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठात असेच सीट धरायचे पैसे भरले, महिनाभराच्या आत तिला सरकारी संस्थेत मिळालं, तिने वर्ग सुरू व्हायच्या आधीच प्रवेश रद्द केला. पैसे परत मागितले तर सांगितलं पावतीवर "नॉन रिफंडेबल" लिहिलंय. तिने भांडण नाही केलं, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची अधिसूचना डाउनलोड केली, त्यात स्पष्ट आहे की प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर थोडं प्रक्रिया शुल्क सोडून पूर्ण फी परत, त्यानंतर ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के अशी उतरत जाते, आणि मूळ कागदपत्रं तर कोणी ठेवूनच घेऊ शकत नाही. ती अधिसूचना जोडून पाच मेल केले तेव्हा सात महिन्यांनी पैसे आले. सात महिने तिच्या बाबांनी सोसायटीतून उचललेल्या पैशांचं व्याज भरलं. २०२४-२५ साठी तर यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण पैसे परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत हजार रुपयांच्या वर कापायचे नाहीत असं सांगितलं होतं. मुलांना हे माहीत नसतं, पावतीवरचे दोन शब्द वाचून ती गप्प बसतात आणि घरचे पण म्हणतात जाऊ दे.

म्हणून मागणं एवढंच आहे की सीटचे पैसे मागणाऱ्या मेलमध्येच पूर्ण दोन वर्षांचा खर्च एका पानावर द्या, हॉस्टेल मेस फील्डवर्क सगळं धरून, कुठली सरकारी सवलत आणि कुठली कर्जयोजना तुमच्याकडे चालते आणि कुठली नाही ते लिहा, मागच्या तीन बॅचमधले किती जण कुठे किती पगारावर आहेत ते मूळ पदवीप्रमाणे लिहा, पैसे परत मिळायचा नियम तारखांसकट लिहा. आणि तुमची तारीख सरकारी संस्थांच्या याद्या लागल्यावर ठेवा. दोन आठवड्यांनी तुमचं काही अडत नाही, आमच्या घरी मात्र तेवढ्यात एफडी मोडली जाते.

ज्या संस्थेने मला सीट दिली त्यांना मी १९ मे रोजी मेल पाठवलाय, तीन प्रश्न आहेत, मागच्या बॅचमध्ये बीएएमएसवाले किती होते आणि आता काय करतात, दुसऱ्या वर्षीचा प्रबंध कुहीत करता येईल का, आणि रद्द केलं तर ५० हजार कधी परत मिळतील. त्या मेलला उत्तर आलेलं नाही. पैसे भरायची आठवण करून देणारे मेल मात्र एक दिवसाआड येतात, त्यात माझं नाव बरोबर लिहिलेलं असतं. लिंक १४ तारखेला संध्याकाळी पाचला बंद होते म्हणता, मी चारपर्यंत उत्तराची वाट बघीन.

आपली,
एक सीएचओ
कुही तालुका, जि. नागपूर